कानानं पास केलेली गाडी

"थांबा सर, चाबी नोका काढू. उलसा दम खाऊ द्या तिले."

पांढुर्ण्यात मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये गाडी घातली की पहिलं वाक्य हे. एक हात वाहतूक पोलिसासारखा वर आणि दुसऱ्या हातात हातभर लांब स्क्रू ड्रायव्हर. टर्बोची गाडी आल्या आल्या बंद करायची नाही, असा त्यांचा नियम होता. मिनिटभर इंजिन जागेवर चालू राहायचं आणि आम्ही शाळेतल्या पोरांसारखे आत गुपचूप बसायचो. घाई केली तर म्हणायचे, "तुमी धावत-पयत आले अन् कोणी लगेच नाक दाबलं, तं कसं वाटन?"

असा एखादा कारागीर तुमच्याही गावात असेल. आधी तो गाडी दुरुस्त करतो आणि गाडी उभी असेपर्यंत तुम्हालाही थोडं दुरुस्त करतो.

माझं घर सौंसरला, नोकरी पांढुर्ण्याच्या शाळेत. रोजच्या जाण्यायेण्यासाठी मी जुनी टर्बो पेट्रोल गाडी घेतली. विकणाऱ्याने काय काय सांगितलं ते मला कळलं नव्हतं. ते मिस्त्रींनी समजावलं. "हजार सीसी पुरते भरत नाही, सिलेंडर तीन, अन् घोडे एकशे दहा! कंजूस माणसाचं डोकं हाये हे. बाहेर फेकाच्या धुरावर पंखा फिरवला अन् त्याच पंख्यानं हवा आत कोंबली. तो पंखा मिनिटाले लाख चक्कर मारते सर. त्याच्याखाली काय? तेलाची पातळ साय. तेल कमी झालं का पयले पंखा मरते, मंग इंजिन, मंग तुमचा चेहरा."

ट्रॅक्टर आणि संत्र्यांचे ट्रक दुरुस्त करण्यात त्यांची उमर गेली होती. ही लहान इंजिनं आली तेव्हा बाकीच्यांनी हात वर केले. मिस्त्रींनी मात्र भंगारातून एक आणलं, सगळं उघडून जमिनीवर मांडलं आणि कितीतरी दिवस त्याच्याभोवती फिरत राहिले. मग ते त्यांच्या कानात बसलं. स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर, मूठ कानाच्या मागच्या हाडावर, डोळे मिटलेले. "दोन नंबरची कॉइल गेली." उघडलं की खरंच दोन नंबरची. "पंप पाणी पिऊन राहिला." खरंच गळती निघायची. पांढुर्णा, सौंसर, लोधीखेडा, सगळीकडच्या टर्बोगाड्या त्यांच्याकडे यायच्या.

त्यांच्या काही तऱ्हा आम्ही कौतुकाने सांगायचो. फोनवर ते कधीच बोलायचे नाहीत. "फोनवर गाडी नीट होत नसते. घेऊन या." गिऱ्हाइकाला समोर उभं करायचे, तोंडाकडे पाहायचे आणि म्हणायचे, "पुन्हा सांगा. हळू सांगा." इतकं लक्ष देऊन तर डॉक्टरही ऐकत नाही, असं आम्ही एकमेकांना म्हणायचो.

मागच्या हिवाळ्यात माझी बायको म्हणाली, "सकाळी गाडी चालू केली का डब्यात खिळे हालवल्यावानी वाजते." मीही ऐकलं. दोन-तीन सेकंद खळखळ, मग शांत. मी मिस्त्रींना सांगितलं. ते म्हणाले, थंड इंजिन पाहावं लागेल, रातभर राहू द्या. मी गाडी ठेवली, बसने घरी गेलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत आलो.

त्यांनी माझ्यासमोर गाडी चालू केली. खळखळ झाली. स्पष्ट झाली. मिस्त्री मान तिरकी करून उभे होते, चेहऱ्यावर तेच समाधान. म्हणाले, "आयका, कशी गुपचूप हाये! टर्बोचा एक दांडा रायते, तो कधी कधी वाजते. जाऊ द्या."

आता मला सांगा, तुम्ही काय केलं असतं? मी खळखळ ऐकली होती. पण मिस्त्री म्हणत होते की आवाज नाही. मी माझ्या कानांवर अविश्वास दाखवला आणि गाडी घेऊन शाळेत गेलो.

पाच-सहा दिवसांनी आईच्या मोतीबिंदूसाठी आम्ही नागपूरला निघालो. बायको शेजारी, आई मागे. लोधीखेड्याच्या फाट्यापुढे संत्र्यांनी भरलेला ट्रक हळू चालला होता. समोर रस्ता मोकळा दिसला म्हणून मी बाजूने गाडी पुढे काढायला घेतली. ट्रकच्या बरोबरीला आलो आणि बोनेटखाली लोखंडावर घण मारल्यासारखा आवाज झाला. गाडीचा जीव गेला. समोरून बस आली. स्टिअरिंग दगडासारखं जड, ब्रेक लाकडासारखा कडक. बायको ओरडली नाही. तिने फक्त माझ्या हातावर हात ठेवून स्टिअरिंग डावीकडे ओढलं. ट्रकवाल्याने करकचून ब्रेक दाबला म्हणून पुढे जागा झाली आणि आम्ही त्या जागेत घरंगळत शिरलो. बस माझ्या बाजूने गेली तेव्हा आरसा तुटून गेला. आई मागून विचारत होती, "थांबले काऊन रे? आलं का नागपूर?"

मला बराच वेळ दरवाजा उघडता आला नाही. शेवटी बायकोने उतरून तो बाहेरून उघडला.

दुसऱ्या दिवशी गाडी ओढून पांढुर्ण्याला नेली. मला मिस्त्रींवर ओरडायचं होतं. काय बोलायचं तेही ठरवलं होतं. त्याआधीच त्यांनी इंजिनाचं झाकण काढलं. वरचे व्हॉल्व्ह आणि खालचे पिस्टन यांना एका तालात ठेवणारी चेन लोंबत होती. तिला धरून ठेवणारी पट्टी तुकडे तुकडे होऊन तेलात पडली होती. ताल चुकला आणि पिस्टनने व्हॉल्व्ह वाकवले. मिस्त्री त्या तुकड्यांकडे पाहत राहिले.

"सर, त्या दिवशी सकाळी वाजत होती?"

"हो."

"तुमाले आयकू आली?"

"हो."

"मंग बोलले काऊन नाही?"

"तुमीच तं म्हणाले, गुपचूप हाये."

ते संत्र्याच्या रिकाम्या पेटीवर बसले. मग उठले, माझ्याकडे पाठ केली आणि म्हणाले, "मागून कायी बोला."

मी म्हणालो, "मिस्त्री, चहा घेता का?"

ते तसेच उभे होते. "बोला ना सर."

मी पुन्हा म्हणालो. मोठ्याने म्हणालो. समोरच्या पंक्चरच्या दुकानातला माणूस वळून पाहायला लागला.

"बोलले का?" मिस्त्रींनी विचारलं.

माझा राग कुठे गेला मला माहीत नाही. ते वळले, माझं तोंड पाहिलं आणि त्यांना उत्तर मिळालं.

"स्क्रू ड्रायव्हर लावला का घरघर समजते," ते म्हणाले. "बाकी आवाज गेले. पयले पाखरं गेले. मले वाटलं पाखरं कमी झाले यंदा. मंग समजलं. पण मानत नव्हतो. सर, तुमची माय होती ना गाडीत?"

मी मान हलवली.

गाडी कोणाची, तिला काय झालं होतं, हे लिहायची त्यांची एक वही होती. ती त्यांनी उघडली आणि पाखरं ऐकू येईनाशी झाल्यापासूनच्या दीड वर्षांत केवळ कानाने पास केलेल्या गाड्यांवर खुणा केल्या. वीसेक निघाल्या. त्याच दिवशी शटर खाली ओढलं आणि दुसऱ्या दिवसापासून आपल्या जुन्या मोपेडवर घरोघरी फिरायला लागले. फोन करणं त्यांना शक्यच नव्हतं. दारात उभं राहून एकच सांगायचे, "तुमची गाडी मीनं कानानं पास केली होती. तो कान गेलेला हाये. दुसऱ्याले दाखवा."

तुम्ही कधी असं कोणाला करताना पाहिलंय? मी नव्हतं पाहिलं. अख्ख्या आयुष्याचं नाव, आणि हा माणूस ते स्वतःच्या हाताने दारोदार उतरवत होता. एका कापूस व्यापाऱ्याने अंगणातच त्यांचा उद्धार केला आणि चार लोकांत तमाशा केला. मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं, म्हणजे त्याच्या ओठांकडे पाहत उभे राहिले, आणि शेवटी म्हणाले, "बराबर हाये. पण आज गाडी नोका काढू." व्यापाऱ्याने चिडून नागपूरला दाखवली. चेन सैल निघाली. त्याच गाडीने त्याची सून रोज कॉलेजला जात होती.

आठवड्याभराने ते सौंसरला आले. इथल्या तीन गाड्या बाकी होत्या. दुपारी माझ्या घरी पाणी प्यायले. आईच्या पायावर डोकं ठेवलं. ती गोंधळून म्हणाली, "काऊन रे बापा?" ते हसले. चहा नको म्हणाले, उजेडात परतायचं होतं.

निघताना मोपेडचा स्टँड खालीच राहिला होता. "मिस्त्री, स्टँड!" मी ओरडलो. समोरच्या काकूही ओरडल्या, "ओ भाऊ, स्टँड!" ते निघून गेले. कोपऱ्यावर वळताना स्टँड रस्त्याला घासला, पायाला झटका बसला, तेव्हा त्यांनी तो वर केला. काकू हसल्या. मीही हसलो आणि आत येऊन पेपर वाचत बसलो.

तासाभराने पांढुर्ण्याच्या रस्त्यावर मागून आलेल्या ट्रकने त्यांना उडवलं. ते जागीच गेले. ट्रकवाला पळाला नाही. रस्त्याच्या कडेला डोकं धरून बसला होता आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता, "मी हॉर्न देऊन राहिलो होतो हो. केव्हाचा देऊन राहिलो होतो."

वीस घरांमध्ये तो माणूस सांगून गेला होता की मला ऐकू येत नाही. आम्ही सगळ्यांनी लगेच आपापली इंजिनं उघडून घेतली. हा माणूस मोपेडवर हायवेने घरी कसा जाईल, हे एकालाही सुचलं नाही. मी मास्तर आहे. मलाही सुचलं नाही.

तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. बायका आत होत्या, पुरुष बाहेर सतरंजीवर. थोड्या वेळाने त्यांच्या पत्नी दारात आल्या आणि मला आत बोलावलं. मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होतो.

"तुमी सौंसरवाले सर ना?"

"हो, वहिनी."

"लोकं म्हणून राहिले का याइले आयकू येत नव्हतं. खरं हाये?"

मी मान हलवली.

"तुमाले मालूम होतं?"

"हो."

"अजून कोणाले?"

मला खोटं बोलता आलं नाही. "गाडीवाल्या साऱ्याइले. ते सोताच सांगून आले."

त्या दाराच्या चौकटीला धरून खाली बसल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या,

"दीड वर्ष झालं. मी मागून हाक मारत होती, हे पलटूनच पाहत नव्हते. मले वाटलं, माह्यावर नाराज हायेत. मंग मीनं बी बोलणं सोडून देल्लं."