ओथाची नवी कवळी

ओथा पेटिग्रू माऊथऑर्गन वाजवायला लागला की शिकागोच्या वेस्ट साइडला लोक हातातला तळलेला मासा खायचा विसरत, असं ओथा स्वतःच सगळ्यांना सांगायचा. खोटं नव्हतं, म्हणून कोणी हरकत घेत नसे. मिसिसिपीहून आला तेव्हा पुढचे चार दात नव्हतेच. पुढं बाकीचेही गेले. वाजवणं उलट खुललं. उघड्या हिरड्यांनी धरलं की सूर हवा तसा वळायचा.

त्याच्या बँडमध्ये एक-दोन-तीन मोजायची पद्धत नव्हती. ओथाची टाच आपटली की गाणं सुरू, पुन्हा आपटली की गिटारची पाळी, आणि खांदा उडाला की गाणं बंद. ड्रमवाला त्या टाचेशिवाय दुसरीकडे बघतच नसे.

यंदा लेकीनं, व्हर्लीननं, हौसेनं बापाला कवळी करून दिली. चर्चच्या बायकांसमोर बाप कसा झोकात हसला पाहिजे! तिचं मन ओथाला मोडवेना. रविवारी चर्च सुटल्यावर शेजारच्या खिडकीतून विजेची वायर ओढून मोकळ्या प्लॉटवर बँड उभा राहिला, तेव्हा भलीमोठी टोपी घालून व्हर्लीन मैत्रिणींसह अगदी पुढं बसली होती.

टाच आपटली. पहिल्याच श्वासाला कवळी सुटली आणि माऊथऑर्गनवर खट्‌कन आदळली. ओथा दचकला, टाच भलत्याच वेळी पडली, ड्रमवाला इमानानं तिच्यामागं गेला आणि अख्ख्या गाण्याचा विचका झाला. मागं कोणीतरी फिदीफिदी हसलं.

गिटारवाला क्लीव्हन जवळ आला. पोरगा गुणी, पण पुढच्या जागेवर त्याचा कधीपासून डोळा होता.

"काका, बसा जरा. आजपासून मी चालवतो."

"तू आधी तारा नीट लाव."

"चेष्टा नाही, काका. अजून एक गाणं असं गेलं, की ही माणसं उठून पलीकडच्या कोपऱ्यावर जातील. मग कसला बँड न् कसलं काय!"

ओथाला झोंबलं, कारण ते खरं होतं. त्यानं लेकीकडे पाहिलं. ती ओठांवर बोट फिरवून खुणावत होती, हस, डॅडी, हस. कवळी काढावी तर चारचौघींत पोरीची मान खाली जाणार. ठेवावी तर बँड हातचा जाणार. त्याला मनापासून वाईट वाटलं.

सूर खुलावा म्हणून लाकडी माऊथऑर्गन ज्यात भिजवायचा, तो पाण्याचा ग्लास पायाशीच होता. ओथानं पाठ फिरवली नाही की रुमाल आड धरला नाही. सगळ्यांदेखत कवळी काढून ग्लासात टाकली.

"अगं बाई!" मैत्रिणींच्या टोप्या हलल्या.

टाच आपटली. आता सूर असा निघाला, की फिदीफिदी हसणाराच आधी नाचायला लागला. ओथानं पुन्हा टाच आपटून क्लीव्हनला पाळी दिली, आणि पोरगं हट्टानं जीव ओतून वाजवू लागलं.

तेवढ्यात व्हर्लीन उठली. आता ही घरी जाणार, असं ओथाला वाटलं. पण ती थेट पुढं आली. टाचेच्या दणक्यांनी ग्लास कलंडायला आला होता. तिनं तो उचलला, दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि मैत्रिणींकडे वळली.

"बघताय काय? माझ्या वडलांचे दात आहेत!" मग बापाला ओरडून म्हणाली, "डॅडी, तू वाजव. मी धरलेत."

आणि तिनंही टाच आपटली. ओथा बोळकंभर हसला. ड्रमवाला वाट बघत राहिला, पण खांदा उडवायचं ओथानं नावच काढलं नाही.