काकीची ओळ

आईनं "आऽ" म्हटलं आणि पडद्यावर चक्क 'ग' उमटला. मी खुर्चीत टुणकन उडालेच! शाहूपुरीत पेटीच्या शिकवण्या घेते मी. गाणं ऐकायचं, थांबवायचं, परत ऐकायचं आणि हातानं स्वर लिहायचे, यात माझा निम्मा जन्म गेला. आणि हा कॉम्प्युटर ऐकता ऐकता लिहीत होता.

मला आईचं भातलावणीचं गाणं कागदावर हवं होतं. चंदगडच्या आमच्या शेतात रोप लावताना ते दोघीच म्हणायच्या, आई आणि तिची धाकटी जाऊ, म्हणजे माझी काकी. बाकी कुणाला ते कधी पुरतं आलंच नाही. आता आई माझ्याकडं असते आणि तिला दम पुरत नाही. आत्ता उतरवलं नाही तर गेलंच म्हणायचं.

गाणं संपलं आणि बघते तर काय, दर ओळीनंतर एक ओळ रिकामी! मी यंत्रावरच चिडले, वायरी उपसून परत खोचल्या. मग लक्षात आलं, मध्ये आईच गप्प राहत होती.

"मधलं का सोडतेस गं?"

"ती ओळ माझी न्हाय. तिची हाय."

"पण तुला येते ना?"

"येती की. दुसरीची ओळ आपण म्हणायची नसती."

आमच्याकडं तसा रिवाजच. एकीनं टाकायची, दुसरीनं झेलायची. आणि ही दुसरी उचगावात, लेकाकडं, हाकेच्या अंतरावर! पण काकीच्या लेकाच्या लग्नात आईला दिलेल्या मानाच्या साडीवरून दोघींचा सहा वर्षं अबोला. मी खूप विनवलं. आई ढिम्म. शेवटी वैतागून कागद छापला आणि तिच्या हातात दिला. आईला स्वर वाचता येत नाहीत, पण रिकामी जागा दिसते. एकेका जागेवर बोट ठेवत ती खालपर्यंत गेली.

"एवढं सगळं तिचं?"

"निम्मं गाणं."

दुसऱ्या दिवशी सकाळीच आई लुगडं बदलून दारात उभी. "चल उचगावला. ते डबडं घे."

काकी सोप्यात शेंगा फोडत बसली होती. दोघींनी एकमेकींकडं बघितलं. मी घाईघाईनं लॅपटॉप उघडला. आईनं उभ्या उभ्याच पहिली ओळ टाकली, आणि ती संपायच्या आत काकीनं शेवटचं अक्षर उचललं! शेंगांची पाटी सारून तीही उठली. दोघी चिखलात वाकावं तशा वाकल्या. स्वर सरसर उमटत होते आणि मी आनंदानं रडत होते.

गाणं संपल्यावर काकी म्हणाली, "आक्का, साडी हलकीच हुती. म्हायत हाय मला."

कॉम्प्युटरला मात्र दोन आवाज ओळखता आले नव्हते. सगळं गाणं त्यानं एकाच बाईचं म्हणून लिहिलं होतं.

"परत एकदा म्हणा," मी म्हटलं, "पण एकेकटीनं."

"एकेकटीचं झालं की सहा वर्सं," आई म्हणाली. "तू जा घरला. आमची आजून लई गाणी ऱ्हायल्यात."