एकट्याचं पहिलं उड्डाण

परवा सौसरच्या मैदानात कुण्या नेत्याचं हेलिकॉप्टर उतरलं. धुळीत मिसळलेला जळक्या इंधनाचा वास आला आणि माझं डोकंच फिरलं. बायको म्हणाली, "अहो, इतक्या वर्षांनीही चिडून राहिले तुम्ही?"

एके काळी मी हेलिकॉप्टर चालवायला शिकत होतो. आता माझं पोट पाहून हे कोणाला पटत नाही. एकट्याने उडायची परवानगी मिळणार होती, त्या दिवसाची ही गोष्ट. शेजारी पुण्याचे प्रशिक्षक बसले होते. हेलिकॉप्टर अलगद खाली आणत, उतरतोय हे सांगायला मी आमच्या पांढुर्ण्याच्या बोलीत म्हणालो, "सर, उतरून राहिलो."

"उतरून राहिलास? अरे, अजून हवेतच आहेस की!" ते खो खो हसले. "आधी मराठी शीक, मग एकटा उड."

परवानगी लांबली. उतरवलं कसं, त्यावर एक अक्षर नाही! आणि मी मूर्ख, त्यांच्याबरोबर हसलो.

पुढे एकटा उडालो, तेव्हा शेजारच्या रिकाम्या सीटला मी आमच्या बोलीतल्या निवडक शिव्या घातल्या; अर्थात, खाली सरांना ऐकू जाऊ नये म्हणून रेडिओचं बटण न दाबता.

आज वाटतं, दाबायलाच पाहिजे होतं.