नावाड्याची ओळ

लिहिण्याचा अधिकार मला आहे असे वाटत नाही, तेव्हा आरंभीच क्षमा मागते. इंग्रजी घेऊन एम.ए. झाले आणि वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहिण्यात उमेदीची वर्षे गेली. ‘झडप बंद करावी’, ‘दाब तपासावा’ अशी वाक्ये लिहिणाऱ्या बाईने चाळिशी उलटल्यावर गोष्टी रचायला घेतल्या, त्याही अशा ठिकाणी की डोंबिवलीत कुणाला समजावून सांगणे कठीण.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. माझा मामेभाऊ शिकायला अमेरिकेला गेला आणि जाताना आपला जुना संगणक आमच्याकडे ठेवून गेला. टेलिफोनच्या तारेने तो जोडला की पडद्यावर नुसती अक्षरे उमटत. चित्र नाही, आवाज नाही. त्या अक्षरांत देशोदेशींची माणसे जमून एक गोष्ट खेळत. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचे आणि आपला क्रम आला की ते काय बोलते, काय करते ते इंग्रजीत लिहायचे. गोष्ट चालवायला एक सूत्रधार असे. त्याने नदी, आभाळ, गाव लिहायचे, संकटे आणायची. पण दुसऱ्याच्या पात्राचे बोटही हलवायचे नाही. ज्याचा क्रम असेल त्याने लिहीपर्यंत सगळ्यांनी थांबायचे. हा तिथला पहिला नियम.

“सूत्रधार तू हो, ताई,” भाऊ फोनवर म्हणाला.

“मी? अरे, मला चारचौघांत बोलता येत नाही.”

“म्हणून तर! इथे तुझं तोंड कोण बघतंय?”

त्याच वर्षी बाबांच्या घशाचे ऑपरेशन झाले आणि त्यांचा आवाज गेला. वर्तमानपत्र साऱ्या घराला ऐकू जाईल असे वाचणारा हा माणूस पाटीवर ‘चहा’, ‘पंखा’ एवढेच लिहू लागला. मी भीतभीत विचारले, गोष्टीत याल का? त्यांनी लिहिले, ‘नावाडी.’ माझ्या लहानपणी मोठागावच्या तरीवरून, होडीने, ते मला खाडीपलीकडे न्यायचे. तेव्हा नावाड्याशी त्यांच्या गप्पा इतक्या रंगत की उतरायचे भान राहत नसे.

रविवारी सकाळी, तिकडे शनिवारची रात्र असताना, आमचा खेळ चाले. एकाच पडद्यावर दोन चौकटी, एक माझी, एक त्यांची. त्यांचा क्रम आला की मी खुर्ची सोडून स्वयंपाकघरात जाऊन उभी राही. ओळ पुरी होण्याआधी सूत्रधाराने ती पाहू नये, असे आम्ही ठरवले होते. कचेरीत जन्मभर टायपिंग केलेली बोटे ती. कळफलकाचा खडखडाट सुरू झाला की मला वाटे, बाबा बोलताहेत.

शेजारच्या काकू दारातून विचारीत, “अगं, रविवारी तुमचा फोन सारखा एंगेज कसा? बाबांना तर बोलता येत नाही!”

मग दुखणे उलटले. ठाण्याच्या डॉक्टरांनी पुन्हा ऑपरेशन सुचवले. बाबांनी पाटीवर लिहिले, ‘बघू.’ पुढच्या खेपेलाही तेच. हात जोडून, रडून त्यांना विनवणे मला जमले नाही. मला जमत होते ते मी केले: गोष्टीत पूर आणला.

नदीकाठचे गाव, होडी एकच, आणि प्रवाह ठाऊक असलेला माणूसही एकच. त्याला नाही म्हणता येऊ नये अशीच मी रचना केली. बाबांची ओळ आली: ‘नावाडी दोर तपासतो. पाणी बघतो. बसून राहतो.’

मी पाणी वाढवले. देवळाच्या पायऱ्या बुडवल्या. गावकरी हाका मारू लागले. नावाडी बसलेलाच. गोष्टीतला शाळामास्तर म्हणजे माझा भाऊ, त्याने खेळाबाहेरच्या जागेत रोमन अक्षरांत मराठी लिहिले, “काका, बसताय काय? इथे आमचा जीव जातोय!”

बाबांचे उत्तर तत्काळ आले. “मास्तर, पोहता येत नाही तर नदीकाठी शाळा कशाला काढलीत?”

ते वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन हसले. फार दिवसांनी हसले.

त्यानंतरच्या रविवारी खडखडाट थोडाच वेळ झाला. बाहेर येऊन पाहिले तर पडद्यावर होते: ‘नावाडी विचारतो, पलीकडे काय आहे?’

हे सूत्रधारालाच सांगायचे असते. पण मी पूर रचला होता, होडी रचली होती, अलीकडचे प्रत्येक घर रचले होते. पलीकडचा काठ रचायचा राहूनच गेला होता. ऑपरेशननंतर पुढे काय, हे डॉक्टरांनाही मी विचारले नव्हते. शेवटी मी लिहिले, ‘पलीकडे धुके आहे.’

बाबांनी ते वाचले. या वेळी मी आत जायची वाट न पाहता, माझ्या देखत, त्यांनी एकेक अक्षर टाइप केले: ‘मग घाई कसली?’ नंतर पाटी ओढून घेतली आणि खडूने लिहिले, ‘ऑपरेशन नको.’

मी ओल्या फडक्याने पाटी पुसली. त्यांनी पुन्हा तेच लिहिले.

पुढे त्यांना खुर्चीत बसवेना. काही रविवार मी एकटीच संगणक जोडून सगळ्यांना सांगत राहिले, क्रम नावाड्याचा आहे. बाबा गेल्यावर तेही कळवले. लोक चांगले होते. ओळखपाळख नसताना फार हळुवार लिहिले त्यांनी. मग एकेकाने विचारले, नावाड्याची ओळ तूच लिहितेस का? पाणी गळ्याशी आले आहे, माणसे काठावर उभी आहेत. भाऊही म्हणाला, “ताई, एक ओळ फक्त. दोर सोडला, एवढंच लिही. काका रागावणार नाहीत.”

मी कळफलकावर बोटे ठेवली. तशीच उचलली. लोक हळूहळू येईनासे झाले आणि एके दिवशी ती जागाच बंद पडली. नवे गाव मी पुन्हा रचले नाही. पाणी तिथेच, होडी बांधलेली, आणि क्रम अजून बाबांचाच.

तुम्ही माझ्या जागी असता, तर ती ओळ लिहिली असती का?