आज कोण थँक्यू म्हणालं?

जनावरांच्या डॉक्टरकडे दोन गोष्टी साचतात. बुटाला शेण आणि डोक्यात किस्से. बूट निदान धुता तरी येतात!

मी लांब उत्तरेत शिकले आणि गावाचं देणं फेडायचंच, या जिद्दीने वेल्ह्याला परतले. आमच्या फिरत्या दवाखान्याच्या गाडीचे ड्रायव्हर सोपानकाका. इथं कुणी साधे आभारही मानत नाही, असं मी पहिल्याच आठवड्यात त्यांच्यापाशी कुरकुरले. तेव्हापासून रोज गाडी लावताना त्यांचा एकच प्रश्न : "म्याडम, आज कोण थँक्यू म्हणालं का?"

*

पासलीत एक म्हैस अडली होती. चिखलात आडवी होऊन, खांद्यापर्यंत हात घालून मी रेडकू ओढून काढलं. जिवंत! मालकांचे डोळे भरून आले. त्यांनी हात जोडले. मी "अहो, राहू द्या" म्हणणार, तोच ते म्हशीपुढे वाकले.

"लई सोसलंस गं बाई."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तेवढं हात धुवा. वास येतोय."

*

गुंजवण्यात एका आजींची शेळी पोट फुगून मरायला टेकली होती. औषध दिल्यावर ती उठून पाला खाऊ लागली. आजी माझ्यावरच कडाडल्या, "काल का न्हाई आलीस?"

काल त्यांनी बोलावलंच नव्हतं.

मी फणकाऱ्याने गाडीत जाऊन बसले, ती थेट एका भोपळ्यावर. सोपानकाका म्हणाले, "आजींनी ठेवलाय. डॉक्टरीण लई वाळलीया म्हणत होत्या."

*

शिवऱ्यात हायवेवरच्या एका हॉटेलमालकाच्या कुत्र्याच्या पायातली काच काढली. ते चक्क "थँक्यू सो मच, डॉक्टर" म्हणाले. सोपानकाकांनी आनंदाने हॉर्न वाजवला.

पुढच्या आठवड्यात तिथंच चहाला थांबलो. मालकांनी हसून विचारलं, "कुठून आलात? गडावर चाललाय का?"

*

त्याच सुमारास माझी मैत्रीण रुचा पुण्यात कुत्र्यामांजरांचा दवाखाना काढत होती. भागीदार हो, म्हणून मागे लागली होती. तिच्याकडे लोक आभाराचे मेसेज पाठवतात, केक आणतात. मी जवळजवळ हो म्हटलं होतं. पक्कं उत्तर शनिवारी द्यायचं होतं.

शनिवारी डोंगरावरच्या धनगरवाड्यात बाबूमामांच्या शेळ्यांना लस टोचायची होती. मामांचं कुत्रं म्हणजे फौजदार. परकं माणूस दिसलं की मामा आधी कुत्र्याला बांधतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा तर दोन दोरांनी बांधलं होतं.

या वेळी ते मोकळंच धावून आलं. मी लसीच्या डब्यासकट दगडी कुंपणावर चढले. सोपानकाका गाडीतच, काचा वर.

"मामा, कुत्रं बांधा!"

मामा म्हशीची धार काढत होते. मान वर न करता म्हणाले, "घरच्या माणसासाठी कोण कुत्रं बांधतंय व्हय?"

"ते त्याला सांगा की!"

"त्याला कळंल हळूहळू."

तेवढ्यात मोबाईल वाजला. रुचा.

"काय ठरलं मग? आणि हा आवाज कसला?"

मी खाली पाहिलं. फौजदार कुंपणावर पुढचे पाय टेकून, माझ्या बुटाचा वास घेत भुंकत होता.

"काही नाही गं," मी म्हणाले. "आमचंच कुत्रं आहे."