लिंडा फागुंदेसचा हिवाळा

डिओलिंडा फागुंदेसचं म्हणणं असं, की आमच्या किनाऱ्यावर लोक चुकीच्या वेळी येतात. उन्हाळ्यात गाड्या भरभरून येतात, धुक्यात कुडकुडतात, दुकानातून जाड बंड्या विकत घेतात आणि धड समुद्र न पाहताच सॅन फ्रान्सिस्कोला परततात. समुद्र पाहायचा तर जानेवारीत, दोन वादळांच्या मधल्या दिवसांत. तेव्हा हवा धुऊन काढल्यासारखी असते, उन्हाळ्यात करपलेले डोंगर हिरवेगार होतात, आणि खेकडे पकडणाऱ्या होड्या पहाटेच बाहेर पडलेल्या असतात. "हे पाहुणे गेले की गावाला गावपण येतं," असं ती कुणालाही ऐकवायची.

गाव म्हणजे मिल्स लँडिंग. एक शाळा, एक चर्च, एक धक्का, आणि कड्याच्या कडेकडेनं जाणारा किनाऱ्याचा रस्ता. लिंडाचे आजोबा अझोर बेटांवरून इथं लाकूड कापायला आले. वडील लाकडाच्या गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा थोरला भाऊ गिल्बर्ट, म्हणजे गिल, अ‍ॅरिझोनात टूसॉनला निघून गेला आणि घराघरांत गारव्याची यंत्रं बसवायचा धंदा करून चांगला सुखवस्तू झाला. लिंडा मागं राहिली. तिनं शाळेची पिवळी बस हातात घेतली, त्या रस्त्यावर बस चालवणारी पहिली बाई. त्या वेळी गिलनं फोनवर म्हटलं होतं, "तो रस्ता बाईमाणसाचा नाही. पहिल्या पावसात चावी परत करशील." लिंडानं पिढी दीडपिढी गावची पोरं नेली-आणली आणि निवृत्त झाली. त्यानंतरही परवाना चालू ठेवून कधीमधी बदलीवर जायची.

मी त्याच शाळेत शिकवते. पंचवीस वर्षांपूर्वी या गावात आले तेव्हा मला गाडी येत नव्हती, म्हणून वर्षभर मी पोरांबरोबर तिच्या बसमधून यायची. मैत्री झाली ती तिथंच.

दर वर्षी नाताळात लिंडा भावाला फोन करायची. "या हिवाळ्यात ये."

"हिवाळ्यात तिथं काय आहे? चिखल आणि बुरशी. तूच इकडे ये, अंगणात संत्री आहेत."

आईच्या मयतीला तो आला होता, पण तेव्हा जुलै होता आणि तीनही दिवस धुकं होतं. त्यामुळे त्याचं मत काही बदललं नाही. मग एका डिसेंबरात, लिंडानं विचारायच्या आधीच तो म्हणाला, "जानेवारीत येतो. दोन आठवडे. दाखव तुझा हिवाळा."

तिनं फोन ठेवला आणि तडक माझ्याकडे आली. "तो येतोय! आता त्याला असा फिरवते, की टूसॉनचं नाव घेणार नाही."

पुढचे तीन आठवडे तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरलेला होता आणि जेवण नकाशाच्या कडेला बसून होत होतं. रोज सकाळी निघायचं आणि संध्याकाळी घरी परतायचं, हा तिचा नियम. "म्हातारा माणूस स्वतःच्या उशीवर झोपला पाहिजे." देवमासे बघायला दीपस्तंभाच्या कड्यावर जायचं ते वारा पडलेला असेल त्या दिवशी. पॉइंट रेयेसच्या किनाऱ्यावर हत्तीसील नावाचे अजस्र समुद्री प्राणी येतात, तिथं जायचं ते शनिवार-रविवारची गर्दी टाळून. पाऊस असेल त्या दिवशी रेडवूडच्या उंचच उंच झाडांच्या रानात, कारण तिथं छत्रीसुद्धा लागत नाही. उघडीप मिळालीच तर डोंगरापलीकडे कॅलिस्टोगाच्या गरम पाण्याला. प्रत्येक रस्ता ती आधी स्वतः जाऊन पाहून आली. कुठं दरड आलीय, कुठं नदी रस्त्यावर चढते, कुठलं हॉटेल हिवाळ्यात उघडं असतं. एका कड्यावर बसायला बाक नाही म्हणून घडीची खुर्ची गाडीत टाकली.

"अगं, राष्ट्राध्यक्ष येतोय का भाऊ येतोय?" मी विचारलं.

"राष्ट्राध्यक्षाला मी चहावर वाटेला लावलं असतं," ती म्हणाली.

सांता रोझाच्या विमानतळावर आम्ही दोघी गेलो. गिल बाहेर आला. उंच, ताठ, कडक इस्त्रीचा शर्ट. आणि लिंडाच्या समोरून सरळ पुढं निघून गेला. तिनं हाक मारली तेव्हा वळला, हसला, मिठी मारली. पण बोलताना नजर तिच्या खांद्यापलीकडे कुठंतरी. माझ्याशीही तसंच. मला वाटलं, पैसा झालाय, मान वाकडी झालीय. लिंडाचा चेहरा जरा उतरला.

दुसऱ्या दिवशी सुरेख ऊन पडलं. आम्ही दीपस्तंभाच्या कड्यावर गेलो. समुद्र निळाशार होता आणि वारा नावालाही नव्हता. तेवढ्यात समोर फवारा उडाला, मग काळी पाठ, मग पाण्यातून सावकाश वर आलेली शेपटी.

"गिल, ते बघ! बघ!"

"वा!" गिल म्हणाला. "काय शेपटी आहे!"

तो अगदी मनापासून म्हणाला. पण त्याचं तोंड होतं दीपस्तंभाकडे.

जेवायला गेलो तिथं त्यानं पदार्थांचा कागद हातात धरला, जरा वेळानं खाली ठेवला आणि म्हणाला, "लिंडा घेईल तेच मला." खेकड्याचं सूप आलं तेव्हा त्यानं चमचा बोटांनी चाचपून शोधला. घरी परतल्यावर तो झोपायला गेला. लिंडा मला सोडायला फाटकापर्यंत आली.

"तू पाहिलंस ना?" तिनं विचारलं.

"पाहिलं."

"मधलं काही दिसत नाही त्याला. कडेचं दिसतं, म्हणून असा तिरका बघतो. आमच्या आत्याचं असंच झालं होतं." तिनं फाटकाची कडी काढली. मग म्हणाली, "आणि मी वेडी समजत होते, मला ओळख दाखवणंसुद्धा त्याला जड जातंय."

"विचार ना त्याला."

"मुळीच नाही. सांगायचं असेल तेव्हा तो सांगेल. मी त्याच्या पाठीमागून त्याची काठी होणार नाही."

पण त्या संध्याकाळी तिनं नकाशा पुन्हा उलगडला. कॅलिस्टोगाच्या वाटेवरच्या डोंगरावरून दरी दिसते, तो थांबा काढला. द्राक्षमळ्यांतल्या मोहरीच्या पिवळ्या फुलांचा थांबा काढला. त्या जागी काय घालायचं याचा ती विचार करत बसली, आणि सकाळी तिनं मला फोनवर एवढंच सांगितलं, "शाळेला अजून सुट्टी आहे ना तुझ्या? चल. जिथं खूप आवाज असतो तिथं जाऊ."

पॉइंट रेयेसला आम्ही गाडीतून उतरलो तोच वाऱ्यावर वास आला, कुजलेल्या माशांचा आणि ओल्या कुत्र्याचा. गिल थबकला. खालच्या वाळूवर मोटारीएवढे नर एकमेकांवर छाती आपटत होते आणि गळ्यातून असा आवाज काढत होते, जसा कुणी रिकाम्या पिंपात दगड टाकतंय. मध्येच पिल्लांचं रडणं, माद्यांचं खेकसणं.

"हे काय चाललंय?" गिलनं विचारलं.

"लग्नसराई," लिंडा म्हणाली. "तो डावीकडचा आहे ना, आवाजानं घसा बसलेला, तो मालक. उजवीकडचा तरणा त्याला हुसकावतोय."

गिल कान देऊन ऐकू लागला. थोड्या वेळानं त्याचं त्यालाच कळायला लागलं. "तरणा मागं सरला! ऐक, मागं सरला बघ!" तो लहान पोरासारखा हसत होता. घडीच्या खुर्चीवर बसून त्यानं ती अख्खी लढाई ऐकली आणि आम्हाला उठू दिलं नाही.

त्यानंतर पाऊस लागला तेव्हा आम्ही रेडवूडच्या रानात गेलो. पाऊस तिथं पडत नाही, उंचावर अडतो आणि मग एकेक थेंब झिरपत खाली येतो. लिंडानं त्याचा हात धरून एका जुन्या झाडाच्या पोटात नेलं. वीज पडून आतून जळून गेलेलं, तरी वर हिरवं. आत आम्ही तिघं उभे राहूनही जागा उरली. त्यानं जळक्या भिंतीवरून तळवा फिरवला, मग बाहेरच्या मऊ सालीवरून. 

"लिंडा," तो म्हणाला, "देवमाशांच्या दिवसापासून तू मला एकदाही 'बघ' म्हणाली नाहीस."

लिंडानं त्याच्या बाहीवरची काजळी झटकली.

"कधी कळलं?"

"तू दीपस्तंभाच्या शेपटीचं कौतुक केलंस तेव्हा."

 मग गिल इतक्या मोठ्यानं हसला, की वरून कुठलासा पक्षी फडफडत उडाला. हसता हसताच त्याचा आवाज ओला झाला. "डॉक्टर म्हणाले, उरलंय तेही हळूहळू जाईल. म्हटलं, जाण्याआधी घर बघून घ्यावं. आलो तर तुझा चेहराच दिसेना. कडेनं बघितलं तर केस तेवढे दिसतात."

"केस पांढरे झालेत. बरंय, नाही दिसत ते."

"तेवढेच दिसतात म्हटलं ना!"

त्याचा दंड धरून तिनं त्याला गाडीपर्यंत आणलं, आणि त्यानं तो काढून घेतला नाही.

पुढच्या आठवड्यात मोठं वादळ आलं. शाळा भरलेली असताना दुपारी गावाच्या उत्तरेला किनाऱ्याच्या रस्त्यावर दरड कोसळली. बसचा चालक बस शाळेत ठेवून जेवायला घरी गेला होता, तो पलीकडेच अडकला. उत्तरेकडच्या वाड्यांतली पोरं शाळेत आणि घरं दरडीपलीकडे. उरला डोंगरमाथ्यावरून जाणारा जुना लाकूडतोड्यांचा रस्ता, एका गाडीपुरता रुंद. मुख्याध्यापिकेनं लिंडाला फोन केला.

ती रेनकोट चढवूनच आली. मागोमाग गिल. "मी येतो," तो म्हणाला. मुख्याध्यापिकेनं लिंडाकडे पाहिलं, लिंडानं मान डोलावली. गिल चालकाच्या मागच्या बाकावर बसला, मी पोरांत.

निघण्याआधी लिंडा उभी राहिली. "पट्टे बांधा. कुणी उठायचं नाही. घाट लागला की गप्प बसायचं, मला इंजिन ऐकायचंय. कळलं?"

"हो, मिस लिंडा!"

घाटात खरोखरच कुणी बोललं नाही. पाण्याचे लोट रस्त्यावरून आडवे वाहत होते. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाली नुसती झाडांची टोकं. माथा जवळ आला तेव्हा समोरून वीज मंडळाचा भला मोठा ट्रक वळणावर येऊन उभा राहिला. त्याच्या मागं आणखी एक. त्यांना मागं जाणं शक्य नव्हतं. लिंडानं काच खाली करून हात केला, आणि भरलेली बस वळणावरून मागं घ्यायला सुरुवात केली. ती आरशात बघत होती, मध्येच काचेतून डोकं बाहेर काढत होती, पावसानं चेहरा निथळत होता. चाकाखालचे खडे दरीत गेल्याचा आवाज मी ऐकला. गिलनंही ऐकला असणार, पण तो हलला नाही. पुढच्या बाकाची कड धरून, मान तिरकी करून तो इंजिनाकडे, ब्रेककडे, तिच्या श्वासाकडे कान लावून होता. बस रुंद जागी आली, थांबली. ट्रक सावकाश निघून गेले आणि दुसऱ्याच्या चालकानं टोपी काढून लिंडाला सलाम केला. तिनं पुन्हा गिअर टाकला.

तेव्हा गिल म्हणाला, "एकदासुद्धा झटका दिला नाहीस."

"पोरं डबा खाऊन आलीत. कोण पुसणार नंतर?"

एकेक वाडी येत गेली. फाटकांशी आई-बाप कंदील, छत्र्या घेऊन उभे होते. पोरं उतरायची आणि धावत जायची. शेवटच्या फाटकाशी एक बाप बसच्या दारात चढून आला, लिंडाचा हात दोन्ही हातांत धरून उभा राहिला. मग मागं बसलेल्या परक्या माणसाकडे त्याचं लक्ष गेलं.

"मी गिल्बर्ट फागुंदेस," गिल उठून म्हणाला. छाती पुढं काढून, गिरणीतल्या माणसासारखा खणखणीत आवाज लावून. "ही माझी बहीण. धाकटी बहीण. या रस्त्यावर हिच्यासारखी बस कुणी चालवत नाही. मी टूसॉनहून आलोय, मला विचारा!"

लिंडानं काच पुसायला फडकं घेतलं आणि बराच वेळ पुसत राहिली.

दोन आठवड्यांसाठी आलेला गिल मार्चपर्यंत राहिला. चर्चच्या सभागृहात खेकड्यांचं जेवण झालं तेव्हा त्यानं ती बसची गोष्ट निदान दहा टेबलांवर सांगितली, आणि प्रत्येक टेबलावर रस्ता थोडा आणखी अरुंद होत गेला. टूसॉनला गेल्यावर नजर गेलेल्या लोकांच्या एका मंडळात तो जाऊ लागला, तिथंही सांगितली. पुढच्या हिवाळ्यात तो आला तो मंडळातल्या चौघांना घेऊन. लिंडानं त्यांना फिरवलं, रोज संध्याकाळी ज्याच्या त्याच्या उशीवर आणून झोपवलं. आता दर जानेवारीत कुणी ना कुणी येतंच. बंद असायचं ते मोटेल त्यांच्यासाठी उघडं राहतं आणि बेकरीवाला सकाळी गोड पाव भाजतो.

यंदा त्यांच्यात एक बाई येणार आहेत. आयुष्यभर विटा रचल्या त्यांनी, आता अजिबात दिसत नाही. त्यांनी फोनवर लिंडाला विचारलं, लोडाय गावच्या शेतांत हिवाळ्यात क्रौंच पक्षी उतरतात म्हणे, जमेल का? ते आमच्या गावाहून फार लांब, एका दिवसात जाऊन येणं म्हणजे कसरत. परवा लिंडा मला घेऊन ती वाट तपासायला गेली. सूर्य मावळायच्या सुमाराला आम्ही शेताच्या बांधावर पोचलो. पुढ्यातच पाणी साचलेला मोठा खड्डा होता. आकाशातून थव्यामागून थवे उतरत होते. मी तोंड वर करून पाहत होते. बाजूला पाहिलं, तर लिंडा डोळे मिटून उभी होती.

"काय गं?"

"थांब, बोलू नको," ती म्हणाली. "इथून नीट ऐकू येतंय. पण पाहुण्यांना त्या खड्ड्याच्या पलीकडं उभं केलं तर थवे थेट डोक्यावरून जातील."

आणि ती डोळे मिटूनच खड्ड्याच्या कडेनं चालायला लागली.