बेअदबी

माणसांच्या नकला मला लहानपणापासून येतात. सासरी आल्यावरही ती खोड गेली नाही. दुपारी भाकरी उरकल्या की जावा म्हणायच्या, "वैनी, करून दाखवा की." मी लगेच सुरू व्हायचे.

मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, लकवा झाला तेव्हा त्यांची जीभ जड झाली. शब्द अर्धेच बाहेर यायचे. महिन्याभरात मला तेही हुबेहूब जमलं. एका दुपारी तोंड वाकडं करून मी त्यांच्यासारखं पाणी मागितलं. जावा हसून लोळायला लागल्या. मागं बघते तर मामंजी उंबऱ्यात, भिंत धरून उभे. खाकरल्याशिवाय ते स्वयंपाकघराकडं कधीच फिरकत नसत. हातात रिकामा तांब्या.

माझ्याकडं बघून त्यांनी एकच शब्द काढला, "बेअदबी..." पुढं ओठ हलले, आवाज फुटला नाही. मी खाली मान घालून तांब्या भरून दिला. माफी उद्या मागू म्हटलं, मग परवा. पोळ्याच्या आदल्या दिवशी ते गेले.

शब्द मात्र माझ्या कानातून जाईना. मामंजी निजामाच्या राज्यात उर्दूत दोन-तीन इयत्ता शिकलेले. त्यांच्या वर्गातले एक चाचा सोनपेठला शिलाई करायचे. बाजारच्या दिवशी जाऊन त्यांनाच विचारलं.

"बे म्हंजे बिगर," चाचा म्हणाले. "बेइमान म्हणतो तसं. अदब म्हंजे मान, रीत. अरबीतून फारसीत आला, तिथून आपल्याकडं. मोठ्याचा मान न ठेवणं, ती बेअदबी."

"म्हणजे मलाच बोलले."

"पुढं काय म्हणला?"

"नुसते ओठ हलले. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभे होते, आम्ही बायका आत."

चाचांनी मशीन थांबवलं. "बेटी, बायामाणसांत न सांगता शिरलं तर आमी म्हणायचो, 'बेअदबी माफ.' तो लय पाळायचा हे. त्याला खाकरता येत व्हतं का?"

येत नव्हतं.

नकला मी सोडल्या. पण घरात एकटी असले की मामंजींचा तो आवाज आपसूक तोंडात येतो. मागच्या महिन्यात भाकरी थापताना निघाला, "बेअदबी माफ." अगदी त्यांचाच. ओसरीवर बसलेला नवरा धावत आत आला. त्यानं चारी कोपरे बघितले, मग माझ्याकडं बघत राहिला.

"वाढ," एवढंच म्हणाला, आणि मान खाली घालून जेवला.